खड्ड्याची भूमिका

मराठी घरात मूल नीट बोलायला लागलं की त्याच्या कानावर एक वाक्य पडतं, आणि ते पुढे पंधरा वर्षं पाठ सोडत नाही. ‘नाटकं करू नकोस.’ दुधीची भाजी पाहून पोट दुखलं की नाटकं. सोमवारी सकाळी ताप आला की नाटकं. पाहुण्यांसमोर गाणं म्हण म्हटलं आणि म्हटलं नाही, तरी नाटकंच. मग हेच मूल कॉलेजात जातं, राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालतं, आणि २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस आला की त्याला बोलावून सांगतात, ‘जरा जनजागृतीचं एखादं नाटक बसवून टाका.’

इतकी वर्षं दाबून ठेवलेलं नाटक मग काळे कुडते घालून चौकात उभं राहतं. एक डफ, कमरेला आवळलेल्या ओढण्या, गोल रिंगण, ‘ऐका हो ऐका’. एक दारुडा बाप असतो, एक सोसणारी आई असते, आणि शेवटी सगळे मिळून प्रेक्षकांकडे बोट रोखून विचारतात, ‘तुम्ही बदलणार का?’ प्रेक्षकांत चार रिक्षावाले, दोन भाजीवाल्या आणि एसटी चुकलेला एक माणूस. ते बिचारे मान डोलावतात. ‘झाडे वाचवा’च्या पथनाट्यासाठी कडुलिंबाच्या फांद्या तोडून आणलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

हे मी हसत लिहिते आहे खरी, पण हसायचा अधिकार मला फारसा नाही. मी ३१ वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. जोडून म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. एरवी नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या ताटातली कोशिंबीर. जागा ठरलेली, तिच्यावर पोट कुणी भरत नाही. महाराज आग्र्याहून सुटेपर्यंत वर्ग जागा असतो. तिथून ‘नगरपरिषदेची आवश्यक व ऐच्छिक कामे’ या धड्यावर आलं की मागच्या बाकांवर पेन्सिलींना टोकं काढणं सुरू. मी नोकरीला लागले त्या सुमाराला, १९८९ साली, मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. पुस्तकात जुनाच आकडा छापलेला होता, तेव्हा अख्ख्या वर्गाला मी पेनानं २१ खोडून १८ करायला लावलं. माझ्या हातून झालेली ही एकमेव घटनादुरुस्ती.

‘दिवाबत्तीची तक्रार कोठे करावी?’ हा प्रश्न मी एका गुणासाठी किती वेळा विचारला असेल कोण जाणे. आमच्या फाटकासमोरच्या खांबावर मात्र दोन वर्षं दिवा नव्हता. अंधार पडल्यावर आमचे हे बॅटरी घेऊन मला न्यायला कोपऱ्यापर्यंत यायचे. तक्रार कुठे करायची ते मला पाठ होतं. केली नाही, इतकंच.

निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या मंडळींनी गळ घातली की सुट्टीत मुलांकडून काहीतरी करून घ्या, वरचा हॉल रिकामाच असतो. काहीतरी म्हणजे नाटक, आणि बाई नागरिकशास्त्राच्या, तेव्हा नागरिकत्वावरचं नाटक. आठवी ते अकरावीची सोळा मुलं जमली. त्यांतली निम्मी घरचा पंखा चालत नाही म्हणून आली होती. मी तीन रात्री जागून ‘आदर्श नागरिक’ नावाचं तीन प्रवेशांचं नाटक लिहिलं. पात्रं तीन. आदर्श नागरिक, बेजबाबदार नागरिक आणि शेवटी मुकुट घालून येणारी भारतमाता.

पहिल्याच दिवशी कळलं की सगळ्यांना बेजबाबदार नागरिक व्हायचं आहे. तो थुंकतो, रांग मोडतो, केळीचं साल टाकतो, नळ उघडा ठेवून गाणं म्हणतो. आदर्श नागरिक व्हायला एकही हात वर होईना. मी जरा रागावूनच कारण विचारलं, तर एक उंच पोरगा म्हणाला, ‘बाई, त्याला कामच नाय ओ. तो नुसता येऊन सांगतोय.’ नाट्यसमीक्षेची पुस्तकं मीही थोडीफार वाचली आहेत. माझ्या नाटकाचं याहून अचूक परीक्षण कुणाला करता आलं नसतं. मग एका मुलीनं विचारलं, ‘हे कुठं घडतंय?’ मी म्हटलं, कुठेही घडू शकतं. ती म्हणाली, ‘म्हणजे आपल्याकडं नाही.’

मतदान घ्या, असं मीच म्हणाले. आयुष्यभर शिकवलेलं असं कधी तरी अंगावर येतं. पंधरा विरुद्ध दोन मतांनी ‘आदर्श नागरिक’ पडलं. दोनांपैकी एक मत माझं, दुसरं जिला मुकुट मिळाला होता तिचं.

मग विषय कोणता? ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ असं एकानं सुचवलं, पण ते मला खूश करायला, हे सगळ्यांच्या लक्षात आलं आणि त्याला हसून गप्प करण्यात आलं. बराच गोंधळ झाला. शेवटी कुणीतरी म्हणालं, ‘खड्डा घ्या की.’ आणि हॉल एकदम शांत झाला. आमच्या गावात ‘खड्डा’ म्हटलं की कुठला ते विचारावं लागत नाही. शाळेच्या वळणावर, पिंपळाच्या अलीकडे. खड्डे इतर पुष्कळ आहेत, पण ते नुसते खड्डे. या एकात सोळांपैकी सात जण सायकलसह पडलेले होते. विषयाचा इतका खोल अनुभव असलेली नाटकमंडळी मराठी रंगभूमीला क्वचितच लाभली असेल.

खड्डा स्टेजवर दाखवायचा कसा? तर माणूसच खड्डा होणार, असं ठरलं. आणि आता सगळ्यांना खड्डा व्हायचं होतं. झोपून राहायचं, पाठांतर कमी, शिवाय जो येईल तो तुमच्यामुळे पडणार. दोन दिवस यावर भांडण चाललं. त्या भांडणात एका मुलीनं पुढाकार घेतला. ‘सगळ्यांचं ऐकून घ्यायचं!’ असं ती इतक्या मोठ्यानं ओरडायची की कुणाचंच ऐकू येत नसे. दम देऊन सगळ्यांना लोकशाही पाळायला लावायची तिची हातोटी पाहून मला तिचं राजकीय भवितव्य फार उज्ज्वल वाटलं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, आणि खड्डा आला तो आठ दिवसांत एक शब्दही न बोललेल्या एका बारक्या मुलाच्या वाट्याला.

पुण्याला माझी भाची नाटकाचं शिक्षण घेते. तिला मी फोनवर रडगाणं ऐकवलं की इथं नाटक बसवायला आले आणि माझंच पाडलं. ती खूश होऊन म्हणाली, ‘मावशी, मग तर जमलंच की! आता तू नुसती जोकर हो.’ मावशीला जोकर म्हणायचं वय तिचं राहिलेलं नाही, हे मी तिला सुनावलं. मग तिनं ऑगस्तो बोआलची गोष्ट सांगितली.

बोआल ब्राझीलचा. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकला आणि करायला लागला नाटक. (त्याच्या आईलाही पोरानं ‘नाटकं’ करू नयेत असंच वाटलं असणार.) ब्राझीलमध्ये तेव्हा लष्करी राजवट. १९७१ मध्ये त्याला पकडलं, छळ केला, मग देश सोडावा लागला. १९७३ मध्ये तो पेरूमध्ये एका साक्षरता मोहिमेत काम करत होता. त्याची मंडळी नाटक ऐन पेचावर थांबवायची आणि प्रेक्षकांना विचारायची, आता या बाईनं काय करावं? प्रेक्षक सांगणार, नट करून दाखवणार. एका प्रयोगातली बाई निरक्षर. नवरा घर बांधतो म्हणून तिच्याकडून पैसे न्यायचा आणि पावत्या म्हणून कागद आणून द्यायचा. शेजारणीकडून वाचून घेतले तर ती निघाली दुसऱ्या बाईची प्रेमपत्रं. आज रात्री नवरा परत येतोय. करायचं काय?

प्रेक्षकांत एक चांगली धिप्पाड बाई बसली होती. ती म्हणाली, ‘तिनं नवऱ्याशी स्पष्ट बोलावं आणि मग माफ करावं.’ नटीनं स्पष्ट बोलून दाखवलं. बाई म्हणाली, असं नव्हे, स्पष्ट! पुन्हा केलं. बाईचा पारा चढत चालला. शेवटी बोआल म्हणाला, मग तुम्हीच वर येऊन दाखवा. बाई वर आली, तिनं केरसुणी उचलली आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या त्या गरीब नटाला धरून बडवलं. मग शांतपणे टेबलाशी बसून त्याला जेवण आणायला सांगितलं. स्पष्ट बोलणं म्हणजे काय, ते तेव्हा कुठे नाटकवाल्यांना कळलं. प्रेक्षकानं नुसतं सुचवायचं नाही, उठून त्या पात्राच्या जागी उभं राहायचं, हा त्याच्या नाटकाचा नियम त्या केरसुणीतून आला. आणि मंच नि प्रेक्षक यांच्यामध्ये जो उभा राहतो, जो उत्तर देत नाही, फक्त विचारतो, त्याला तो जोकर म्हणायचा. पत्त्यांतला जोकर, कुठल्याच रंगाचा नसलेला.

पुढे राजवट बदलली, बोआल मायदेशी परतला, १९९२ मध्ये रिओच्या नगरसभेवर निवडून गेला आणि आपल्या नटांना घेऊनच तिथं शिरला. वस्तीवस्तीत असली नाटकं करायची, लोकांनी उठून जे करून दाखवलं त्यातून कायद्याचे मसुदे करायचे. १९९६ पर्यंत अशा १३ सूचनांचे कायदे झाले. एक सूचना तर इतकी साधी की ऐकून माणूस चकित व्हावा. रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनना वर टोपीसारखं छत असायचं. आंधळ्या माणसाच्या काठीला खाली काही लागत नसे, आणि डोकं वर आपटायचं. म्हणून फोनच्या खाली एक चौथरा बांधा, म्हणजे आधी काठीला कळेल.

हे ऐकून मी भारावले, आणि लगेच मला आपल्या मराठीपणाची आठवण झाली. जोकर आमच्याकडेही होता की. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. भोळं कुणबी जोडपं, त्यांना लुबाडणारा जोशी, आणि या सगळ्यात मध्ये मध्ये येऊन चिमटे काढणारा विदूषक. नाटकाच्या शेवटी ते जोडपं रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाटक स्वीकारलं नाही, ही गोष्ट वेगळी. म्हणजे पेरूतल्या केरसुणीच्या ११८ वर्षं आधी आमचा विदूषक प्रेक्षकांशी बोलत होता. पुढे सत्यशोधक जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. लं.नी ‘पुढारी पाहिजे’ लिहिलं, आणि निळू फुल्यांसारखा नट त्याच कलापथकातून आला. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे बर्लिनचं ग्रिप्स बालनाट्य पुण्यात घेऊन आले. त्यात मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात, परी नाही, राक्षस नाही. राक्षसाची जागा घरातले आणि शाळेतले मोठे समर्थपणे भरून काढतात. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. तिथं वस्तीतली मुलं आपले विषय आपणच काढतात, आपणच लिहितात आणि करतात. या रांगेत आमचा खड्डा फारच शेवटी आणि फारच लहान आहे. पण रांगेत आहे.

जोकर होणं मला अवघड गेलं. ३१ वर्षं मी ‘विचार करून उत्तर द्या’ म्हणत आले आणि मुलांनी विचार सुरू करायच्या आत उत्तर फळ्यावर लिहीत आले. इथंही तोंडातून निघायचंच, ‘असं करा.’ मुलांनी दंड ठरवला. बाई ‘असं करा’ म्हणाल्या की डब्यात पाच रुपये. त्या डब्यातून चार वेळा सगळ्यांचे वडापाव झाले. यापेक्षा जास्त कबुली देत नाही.

दरम्यान एका मुलाचे आजोबा चौकशीला आले. आमच्याकडे तालीम म्हटलं की आधी लाल माती डोळ्यांपुढे येते. ‘नातू म्हणतो तालमीला जातो. वस्ताद कोण?’ मी म्हटलं, वस्ताद कुणी नाही, सगळे मिळून ठरवतात. आजोबा विचारात पडले. ‘वस्तादाशिवाय तालीम?’ म्हणाले, ‘मग पोरं एकमेकांवर पडत असतील.’ मी म्हटलं, हो, तेच चाललंय.

आईवडिलांचे प्रश्न जास्त व्यवहारी होते. सर्टिफिकेट मिळेल का? चित्रकलेच्या परीक्षांसारखे दहावीला वाढीव गुण असतात का? नाहीत, म्हटल्यावर दोन मुलं कमी झाली. त्यातलं एक चार दिवसांनी पाण्याची बाटली विसरली या निमित्तानं परत आलं आणि राहिलं. दुसऱ्याच्या जागी एकाची धाकटी बहीण आली.

खरी गंमत झाली ती बाबूच्या पार्टावरून. (मुलं ‘भूमिका’ म्हणत नाहीत, ‘पार्ट’ म्हणतात.) नाटकात एक नगरपरिषदेतला बाबू होता, तो पान खात ‘उद्या या’ म्हणायचा आणि सगळे हसायचे. हा पार्ट ज्याला मिळाला त्याचे वडील खरोखरच कार्यालयात कारकून आहेत. तो मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘पप्पा म्हणाले, तो रस्ता नगरपरिषदेचा नाहीच. बांधकाम खात्याचा आहे. आणि खणला पाणीवाल्यांनी.’

आमचं नाटक त्या एका वाक्यानं कोसळलं. सगळा दुसरा प्रवेश चुकीच्या कार्यालयात घडत होता. मी शिकवलेल्या पुस्तकात नगरपरिषदेची कामं होती, जिल्हा परिषदेची होती, राज्यपालांचीसुद्धा होती. पण समोरचा खड्डा कुणाचा आहे हे कसं शोधायचं, ते कुठल्याही धड्यात नव्हतं. माणूस पडतो तेव्हा हद्द बघून पडत नाही. मुलं सुट्टीत तिन्ही कार्यालयांत जाऊन आली. ‘साहेब साइटवर आहेत’ हे वाक्य त्यांना तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या चालींत ऐकायला मिळालं आणि त्यांनी ते तसंच्या तसं नाटकात घेतलं. ‘विषय’ आणि ‘महोदय’ घालून अर्ज लिहिला. तो देऊन सगळे परत निघाले होते, तर तिथल्या शिपायानं हाक मारून सांगितलं, ‘पोरांनो, पोच घ्या. आवक नंबर टाकून शिक्का मारून घ्या. नाहीतर अर्ज दिला होता हे कुणाला खरं वाटणार नाही.’ नागरिकशास्त्राचा इतका उपयोगी धडा मी ३१ वर्षांत दिला नाही. तो शिपाई आता नाटकात आहे, आणि त्याला हमखास टाळी पडते.

नवा दुसरा प्रवेश असा झाला. तीन खुर्च्या, तीन बाबू. लोक खड्ड्याला उचलून एकेका टेबलावर नेऊन ठेवतात, आणि प्रत्येक बाबू त्याच्याकडे चष्म्यावरून बघून म्हणतो, ‘हा आमचा नाही.’ तिसऱ्या टेबलावर खड्डा रडायला लागतो. आठ दिवस न बोललेला तो मुलगा तिथं बोलायला लागला, आणि ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. ‘मी बारका होतो तेव्हा कुणी बघितलं नाही. पाइप टाकला, वर नुसती माती लोटली, गेले. आता मोठा झालो तर सगळे शिव्या देतात. मोठा मी एकटाच झालो का?’ आम्ही सगळे हसलो, आणि मग जरा वेळ कुणी काही बोललं नाही. दम देणारी मुलगी म्हणाली, ‘हे ठेवायचं.’ यावर मतदान झालं नाही.

मराठी भाषा मोठी लबाड आहे. नाटकात माणूस भूमिका करतो आणि सभेत तीच भूमिका घेतो. मुलांतल्या एकीनं मला विचारलं होतं, ‘टीव्हीवर पुढारी म्हणतात, आमची भूमिका स्पष्ट आहे. म्हणजे त्यांना कुठला पार्ट मिळालाय?’ मी हसून सोडून दिलं, पण रात्री अंथरुणावर ते पुन्हा आठवलं. पात्र या शब्दाचंही तसंच. १८ वर्षं पूर्ण केलेला मतदानाला पात्र, म्हणजे त्याखालचे सगळे अपात्र. आणि नाटकात पहिलीतलं पोरही पात्र. मुलांना अगदी खरोखर वाटतं की आपण अठराव्या वर्षी नागरिक होतो. होत नाही, बाळांनो. मतदार होता. नागरिक तुम्ही आत्ताच आहात, फक्त तुमच्यापाशी यायचं कुणाला कारण पडत नाही. मग तोवर करायचं काय? मला सुचलेलं उत्तर एवढंच की दुसऱ्याची भूमिका करून बघावी. बाबूची करावी, खड्ड्याची करावी. आपली भूमिका घ्यायची वेळ येईल तेव्हा बाकीच्यांच्या तरी ओळखीच्या असतील.

अर्थात याचा फार डांगोरा पिटण्यात अर्थ नाही. जास्त वाक्यं मिळतात म्हणून ऐनवेळी एका बाबूनं दुसऱ्या गटात उडी मारली. पक्षांतर त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. माइक कुणाच्या हातात, यावरून प्रयोगाच्या दिवशी दुपारी मारामारी झाली. नाटक केलं की मुलं शहाणी होतात, असं मला कुणी लिहून द्या म्हटलं तर मी देणार नाही.

प्रयोग वाचनालयाच्या मागच्या पटांगणात झाला. शंभरेक माणसं असतील. नियम जोकरबाईंनी सांगितले. नाटक एकदा पुरतं दाखवू, मग पुन्हा सुरू करू. जिथं वेगळं करावंसं वाटेल तिथं ‘थांबा’ म्हणायचं आणि वर यायचं. बाबूला बदलायचं नाही. जो अडला आहे त्याच्या जागी उभं राहायचं. साहेब एकाएकी देवमाणूस झाला तर नाटक संपेल, पण खड्डा राहील. आणि कुणी न घडणारं काही केलं, तर प्रेक्षकांनी ‘जादू’ म्हणून ओरडायचं. हाही बोआलच्याच खेळातला नियम.

दुसऱ्या फेरीला पाच मिनिटं कुणी उठेना. सगळे एकमेकांकडे बघतात आणि हसतात. मग एक गृहस्थ तावातावानं वर गेले, बाबूसमोर उभे राहिले आणि खिशातून मोबाइल काढून म्हणाले, ‘थांब, आमदारांनाच फोन लावतो.’ सगळी मुलं एका सुरात ओरडली, ‘जादू! जादू!’ गृहस्थ खाली आले. एक कॉलेजातला मुलगा टेबलावर मूठ आपटून बराच बोलला. बाबूनं शांतपणे सांगितलं, ‘लेखी द्या.’ तो मुलगा त्यावर ठप्प.

मग मागच्या सतरंजीवरून एक आजी उठल्या. नऊवारी, हातात पिशवी. दोघांनी हात धरून त्यांना वर चढवलं. मला पेरूची केरसुणी आठवली आणि मी धास्तावलेच. आजींनी खुर्ची ओढली, बाबूसमोर बसल्या, पिशवीतून डबा काढला, उघडला, आणि भाकरी मोडून खायला लागल्या. बाबूनं ‘उद्या या’ म्हटलं. आजी म्हणाल्या, ‘उद्या कशाला बाळा, बसते की. मला घाई न्हाई.’ बाबू म्हणाला, साहेब साइटवर आहेत. आजी म्हणाल्या, ‘येऊ देत. तू जेवलास का?’ आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढे केली. रागावलेल्या माणसाला काय सांगायचं ते त्या मुलानं नीट पाठ केलं होतं. जेवू घालणाऱ्या माणसाला काय सांगायचं, ते त्याच्या वडिलांनीही त्याला शिकवलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जोकर. मी वर आभाळाकडे पाहिलं. शेवटी तो उठून म्हणाला, ‘थांबा आजी, फाइल बघून येतो.’ कुणीही ‘जादू’ म्हणालं नाही.

त्यानंतर एका माणसानं हात वर केला. तो त्या तीन कार्यालयांपैकी एकात काम करतो, हे निम्म्या पटांगणाला माहीत होतं. म्हणाला, ‘मला बाबू करू द्या. तुमचा बाबू चुकतोय.’ हे नियमाविरुद्ध होतं. मुलांनी मंचावरच गोल करून मतदान घेतलं आणि दहा विरुद्ध सहा मतांनी नियम एकदा मोडायचं ठरवलं. तो माणूस खुर्चीत बसला आणि ‘उद्या या’ म्हणालाच नाही. रजिस्टर उलटल्यासारखं करून म्हणाला, ‘काम मंजूर आहे. निविदा दोनदा काढली. इतक्या छोट्या कामाला कुणी भरतच नाही. हे रोज वीस जणांना सांगत बसण्यापेक्षा उद्या या म्हणणं सोपं पडतं.’ समोर तक्रारदार म्हणून आमची दम देणारी मुलगी होती. ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली, ‘मग हे बाहेर फळ्यावर का लिहीत नाही?’ त्याला बहुधा हसायचं होतं, पण तो हसला नाही. ‘लिहायला पाहिजे,’ म्हणाला आणि खाली आला.

घरी जाताना आमचे हे म्हणाले, ‘चांगलं झालं.’ बॅटरी त्यांच्या हातात होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खांबावरच्या दिव्याचा अर्ज दिला. पोच घेतली.

खड्डा मे महिन्यात मुरूम टाकून बुजवला. आमच्या नाटकामुळे की निवडणुकीमुळे, यावर मुलांत दोन तट आहेत. खड्डा झालेला मुलगा जरा नाराज होता, त्याचा पार्ट गेला म्हणून. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, मुरूम वाहून गेला, आणि तो पळत मला सांगायला आला, ‘बाई, आलाय परत!’ इतका आनंद त्याला दहावीच्या निकालाला होईल की नाही, शंका आहे. मुलांनी लगेच पुढचा भाग लिहायला घेतला आहे. निविदेचा प्रवेश नवा आहे, आणि आजींनी डब्यासह यायचं कबूल केलं आहे.

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला, वाचनालयामागच्या पटांगणात. तिकीट नाही. सतरंज्या कमी आहेत, बसायला घरून काहीतरी आणा. पहिल्या रांगेत बसलात तर मुलं तुम्हाला उठवून वर नेतील, मग माझ्याकडे बघू नका. आणि येताना शाळेच्या वळणावरून येऊ नका. मागच्या बोळानं या.